यकृताचे ओझे आणि स्नायूंचे दार



व्यायाम करावा, एवढेच सांगण्यासाठी व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ खर्ची घालण्याचे कारण नाही. तालमीची माती, मल्लखांब, जोर-बैठका यांची या महाराष्ट्राला परंपरा आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराच्या प्रसाराचे जणू व्रतच घेतले होते. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालावी, ही शिकवण तर आपल्यापैकी पुष्कळांना शाळेत जाण्यापूर्वीच घरी मिळालेली आहे. तेव्हा व्यायाम चांगला, हे तुम्हांला मान्यच आहे.

परंतु मान्य असणे निराळे आणि उमजणे निराळे. व्यायामाने शरीरात नेमके काय घडते हे न उमजल्यामुळे पुष्कळ माणसे मोठ्या उत्साहाने चालावयास लागतात, दोन महिन्यांनी वजनाच्या काट्यावर उभी राहतात, काटा जागचा हललेला नाही असे पाहतात आणि बूट कोनाड्यात टाकून देतात. आजचे माझे सांगणे मुख्यतः अशा मंडळींसाठी आहे. काटा हलला नसला तरी आत यकृतात आणि स्नायूंत पुष्कळ काही हललेले असते. ते काय, आणि ते कळल्यावर आपण वागावे कसे, एवढाच आजचा विषय.

एक ओळ आणि तिचा अर्थ

हल्ली पोटाची सोनोग्राफी सहज होते. मूतखड्याच्या शंकेने तपासणी करून घ्यावी आणि अहवालाच्या तळाशी भलतीच ओळ असावी, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’, असा अनुभव आता घरोघरी येतो. ही ओळ वाचून माणसे दोन प्रकारे वागतात. काहीजण ‘हे सगळ्यांनाच असते’ असे म्हणून कागद कपाटात ठेवून देतात. काहीजण औषधाच्या दुकानातून यकृताच्या टॉनिकची बाटली आणतात आणि ती संपली की आजारही संपला असे मानतात. दोन्ही वागणी चुकीची आहेत. पहिल्या माणसाला धोका दिसत नाही, दुसऱ्याला उपाय दिसत नाही.

यकृत हा उजव्या बरगड्यांखाली बसलेला, सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. त्याची कामे अनेक. त्यांपैकी आजच्या विषयाशी संबंध आहे तो त्याच्या कोठीघराचा. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की यकृत साखरेचा साठा करते आणि उपाशीपोटी ती रक्तात सोडते. १८५७ साली त्यांनी हा साठ्याचा पदार्थ वेगळा काढला, तोच ग्लायकोजन. जेवणानंतर भरावयाचे आणि रात्री थोडेथोडे बाहेर काढावयाचे, असा हा चोख व्यवहार आहे. पण या कोठीत साखरेला जागा थोडी, अवघी सुमारे १०० ग्रॅमची. त्याहून अधिक माल सतत येऊ लागला, की यकृत त्याची चरबी करते. यकृताच्या शंभर पेशींपैकी पाचांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले, म्हणजे ते ‘मेदयुक्त’ झाले असे म्हणतात.

दारूने यकृत बिघडते हे जुनेच ज्ञान. पण १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे युर्गेन लुडविग आणि त्यांचे सहकारी यांनी २० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची यकृते मद्यप्याच्या यकृतासारखी दिसत होती, परंतु मद्यपानाचा इतिहास नव्हता. या विकाराला पुढे दारूच्या नकाराचेच नाव चिकटले. २०२३ साली जगातील यकृततज्ज्ञांनी ते बदलून चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नाव दिले. हे बारसे केवळ शब्दांचे नव्हे. आजाराचे मूळ यकृतात नसून साऱ्या शरीराच्या व्यवहारात आहे, अशी ती कबुलीच आहे.

मेद साठला म्हणून लगेच कोणी घाबरू नये. पुष्कळांचे यकृत वर्षानुवर्षे त्याच अवस्थेत राहते. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, सुजेमागून वण पडतात, वणांचे जाळे घट्ट होते आणि शेवटी सिरोसिस गाठतो. या विकाराच्या माणसांना सर्वांत मोठा धोका हृदयविकाराचा असतो, आणि मधुमेह तर त्याचा सख्खा शेजारी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख अशी काढण्यात आली. भारत सरकारनेही २०२१ साली मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तेव्हा ही एक ओळ कपाटात ठेवून देण्याजोगी नाही.

हुकूम आहे, पण दाद नाही

मधुमेहाशी यकृताचे हे शेजारपण कशामुळे? येथे इन्सुलिनची ओळख करून घेतली पाहिजे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते स्वादुपिंडातून मिळविले आणि पुढच्याच वर्षी मरणाच्या दारातील मुले त्याने वाचू लागली. त्या वेळी असे वाटले, की मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, दुसरे काही नाही. परंतु १९३६ साली लंडनचे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखविले, की काही मधुमेही इन्सुलिन टोचताच सुधारतात आणि काहींवर त्याचा फारसा परिणामच होत नाही. १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची युक्ती शोधली, तेव्हा आश्चर्य उघडे झाले. प्रौढपणी मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हते, उलट चांगले भरपूर होते.

म्हणजे हुकूम सुटत होता, पण त्याला दाद मिळत नव्हती. शास्त्रीय भाषेत याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. आपण साध्या मराठीत ‘पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत’ असे म्हणू. दाद मिळत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी मोठ्याने ओरडते, म्हणजे आणखी इन्सुलिन सोडते. काही वर्षे हे निभावते आणि रक्तातली साखर ताब्यात राहते. पुढे स्वादुपिंड थकते आणि मग साखर वाढलेली सापडते. अहवालात साखर ठीक असली तरी आत ओढाताण चालू असू शकते, ती अशी.

दाद द्यावयाची कोणी? मुख्यतः स्नायूंनी. आपल्या साऱ्या रक्तात एका वेळी अवघी चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर असते. वाटीभर भात खाल्ला तर त्याच्या कितीतरी पट साखर रक्तात येऊ पाहते. ती तातडीने कोठेतरी ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी सर्वांत मोठे कोठार स्नायूंचे आहे. यकृतात १०० ग्रॅम ग्लायकोजन मावते, तर अंगभर पसरलेल्या स्नायूंत ४०० ग्रॅम आणि त्याहूनही अधिक. इन्सुलिनचा हुकूम पोहोचला, की स्नायूच्या पेशीत आत दडलेली ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या भिंतीशी येतात आणि साखर आत घेतात. हेच स्नायूंचे दार.

आता बैठ्या माणसाचे स्नायू पाहा. कोठार कालचेच भरलेले, कारण काल काही उपसलेच नाही. शिवाय पेशींच्या आत बारीक चरबी साचलेली, तिने हुकूम वाटेतच अडतो. दार उघडत नाही. माल तर आला आहे. तो जाणार कोठे?

याचे उत्तर अमेरिकेतील येल विद्यापीठात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले. तरुण, सडपातळ आणि निरोगी माणसांचे दोन गट केले: एकाचे स्नायू इन्सुलिनला दाद देणारे, दुसऱ्याचे न देणारे. दोघांना पिष्टमय पदार्थ भरपूर असलेली दोन जेवणे दिली आणि चुंबकीय उपकरणांनी अन्न कोठे जाते ते तपासले. दाद न देणाऱ्यांच्या स्नायूंत ग्लायकोजनची भर सुमारे ६० टक्क्यांनी कमी पडली आणि त्यांच्या यकृतात नवी चरबी बनण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. लक्षात घ्या, ही माणसे लठ्ठ नव्हती, मधुमेही नव्हती. स्नायूंचे दार बंद होते आणि माल यकृताच्या अंगणात येऊन पडत होता, इतकेच.

येथे यकृताचा एक विचित्र स्वभावही सांगितला पाहिजे. इन्सुलिन त्याला दोन हुकूम देते: ‘साखर सोडणे थांबव’ आणि ‘चरबी बनव’. बिघडलेले यकृत पहिला हुकूम मानीत नाही, दुसरा मात्र इमानाने पाळते. त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची साखरही वाढते आणि यकृतातला मेदही वाढतो. भरीला पोटावरची आणि अंगावरची चरबी. इन्सुलिनने ‘जागच्या जागी राहा’ म्हणून बजावले तरी ती ऐकत नाही आणि रक्तात वितळत राहते. अशा रुग्णांच्या यकृतातील मेदाची मोजदाद २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ५९ टक्के मेद अंगच्या चरबीतून आलेला, २६ टक्के यकृताने स्वतः नव्याने बनविलेला आणि १५ टक्के जेवणातील तुपातेलाचा निघाला. तेव्हा तूप सोडले आणि गोड चहा, बिस्किटे, शिरा चालूच ठेविला, तर मोठे हिशेब तसेच राहतात.

दार उघडण्याची दुसरी वाट

निसर्गाची कृपा अशी, की स्नायूंचे दार उघडण्यास इन्सुलिन ही एकच वाट नाही. स्नायू आकुंचन पावू लागला, म्हणजे कामाला लागला, की तीच वाहक प्रथिने इन्सुलिनच्या हुकमाची वाट न पाहता दुसऱ्या मार्गाने भिंतीशी येतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या माणसातही ही वाट शाबूत असते. चालताना, जिना चढताना, पोहताना मधुमेह्याचे स्नायू साखर ओढून घेतात त्या या वाटेने.

ही झाली व्यायाम चालू असतानाची गोष्ट. नंतरची त्याहून मोलाची आहे. कोठारातला माल उपसला गेल्यामुळे ते पुन्हा भरावेसे होते आणि स्नायू इन्सुलिनला पूर्वीपेक्षा चांगली दाद देऊ लागतात. हा गुण व्यायामानंतर साधारणतः एक ते दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो.

याचा यकृताला लाभ होतो का? येलच्याच संशोधकांनी २०११ साली हा पुढचा प्रश्न सोडविला. त्याच प्रकारच्या तरुण, सडपातळ, दाद न देणाऱ्या माणसांना एकदाच ४५ मिनिटे व्यायाम करावयास लाविला आणि त्यानंतर जेवण दिले. स्नायूंत ग्लायकोजन साठण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक झाले आणि यकृतातील नव्या चरबीची निर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी उतरली. पाऊण तासात कोणाचे वजन घटत नाही. घटले ते यकृतावरचे ओझे, कारण माल आपल्या खऱ्या कोठारात गेला.

महिनाभर असेच केले तर? सिडनी येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बैठ्या, स्थूल माणसांनी चार आठवडे, आठवड्यातून तीनदा सायकल चालविली. वजन जेथल्या तेथे राहिले, पण यकृतातील मेद २१ टक्क्यांनी कमी झाला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०११ साली वजने उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे देऊन पाहिला. तेथेही वजन न घटता यकृतातील मेद १३ टक्क्यांनी उतरला. म्हणजे ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना भरभर चालणे जमत नाही, त्यांच्यासाठीही रस्ता आहे. बसल्या जागी हातांचा, दंडांचा, खांद्यांचा व्यायाम त्यांना करता येईल.

मधुमेह टाळण्याच्या बाबतीत तर आपल्याच देशातील दाखला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसांचा तीन वर्षे पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता त्यांच्यापैकी ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांना रोजचे चालणे आणि आहारातील सुधारणा यांच्या मागे नेटाने लावले होते त्यांच्यापैकी ३९.३ टक्के. आणि या दुसऱ्या गटाच्या वजनात म्हणावी अशी घट झालेली नव्हती! काटा पाहून निराश होणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

सडपातळ माणसाचा भ्रम

आता समोर बसलेल्यांपैकी सडपातळ मंडळी मनात म्हणत असतील, की हे सारे शेजारच्या खुर्चीसाठी आहे. त्यांना पुण्याची एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी विनोदाने आपल्या व्यायामाचे वर्णन केले आहे ते असे, की रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ती गाठण्यासाठी रोज सकाळी जे धावावे लागते, तेवढाच!

विनोद बाजूला ठेवून त्यामागचे दुःख पाहिले पाहिजे. याज्ञिक आणि सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, त्यांचे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी फार कमी होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कोठार जन्मतःच लहान, आणि पुढे शहरात येऊन खुर्चीवरची नोकरी व दुचाकीवरचा प्रवास. मग अंगाने काटकुळा दिसणारा माणूस पोटाने मात्र पुढे येतो आणि चाळिशीतच मधुमेह गाठतो, यात नवल काय? म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा कमरेची फीत अधिक खरे बोलते. आणि स्नायू कमावणे हा पहिलवानांचा छंद नसून तुमचीआमची गरज आहे.

किती आणि कसे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण असे: आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मध्यम श्रम म्हणजे काय? चालताना बोलता येते पण गाता येत नाही, अशी चाल. दुकानांच्या पाट्या वाचत केलेली फेरी त्यात धरू नये.

व्यायामाचा गुण दोन दिवसांत ओसरतो हे आपण पाहिले. म्हणून रविवारी एकदम तीन तास टेकडी चढण्यापेक्षा रोजचा अर्धा तास श्रेष्ठ, आणि मध्ये दोन दिवसांहून अधिक खंड नसावा. सूर्यनमस्कारांत दम आणि ताण दोन्ही साधतात. जागा लागते ती चटईपुरती. शतपावलीलाही आधुनिक आधार मिळाला आहे. साठीपुढील माणसांवर अमेरिकेत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सकाळच्या ४५ मिनिटांच्या चालण्याइतकीच ताब्यात राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर अधिक चांगली. फक्त पावले शंभरांवर थांबवू नयेत. ती दीड हजारांच्या घरात जाऊ द्यावीत.

‘आम्ही दिवसभर घरात राबतो, तो व्यायाम नव्हे का?’ असा प्रश्न भगिनीवर्गाकडून नेहमी येतो. ज्या कामाने श्वास वाढतो ते काम व्यायामच होय. परंतु ओट्याशी तासन् तास उभे राहण्याने पाय दुखतात, स्नायूंचे कोठार मात्र उपसले जात नाही. थकवा आणि व्यायाम एक नव्हेत. या भगिनींना अर्धा तास मोकळा मिळावा ही जबाबदारी घरातील इतरांची आहे.

व्यायामाची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. यकृताला सूज आली असेल, वण पडले असतील, तर नुसत्या चालण्याने भागत नाही. वजनही उतरावे लागते. क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांनी आपले वजन १० टक्के किंवा अधिक उतरविले त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांच्या यकृताची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे वणदेखील मागे हटले. पण इतके वजन उतरविणारे थोडेच निघाले, हेही खरे. २०२४ साली अमेरिकेत या आजाराच्या पुढच्या अवस्थेसाठी रेस्मेटिरॉम हे पहिले औषध मान्य झाले. त्याच्या मान्यतेतही ‘आहार आणि व्यायाम यांच्या जोडीने’ हे शब्द आहेतच. वण कितपत आहेत याचा अंदाज वय आणि रक्ताच्या तीन साध्या चाचण्या यांवरून डॉक्टरांना बांधता येतो. तो विचारून घ्यावा. दारू सोडावी. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते; त्यांनी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी. चालताना छातीत दुखत असेल, तर आधी हृदयाची तपासणी, मग व्यायाम.

मंडळी, यकृत हा मुका अवयव आहे. फार बिघडेपर्यंत तो दुखत नाही, तक्रार करीत नाही. स्नायूंनी टाकलेले ओझे तो वर्षानुवर्षे निमूटपणे वाहतो. ते ओझे ज्यांचे त्यांच्याकडे परत सोपविणे आपल्या पायांच्या हाती आहे. त्याचे फळ पहिल्या दिवसापासून मिळते, दोन दिवसांत शिळे होते, आणि काट्यावर दिसेलच असे नाही. या तीन गोष्टी ज्याने ध्यानात ठेविल्या, त्याचे बूट कोनाड्यात जाऊन पडणार नाहीत. जेवण व्हावयाचे असेल त्यांनी जेवावे, आणि झाल्यावर पाव तास चालावे.